दुकानाचे नाव : बरकत पाटीत की व्यवहारात?

मुंब्रा स्टेशनाबाहेर पडून कौशापर्यंत पायी जावे आणि दुकानांच्या पाट्या वाचीत जाव्यात. मदिना, न्यू मदिना, बिस्मिल्लाह, गरीब नवाज, ताज आणि पुन्हा एकदा न्यू मदिना. कल्याणचा दूधनाका, ठाण्याची राबोडी, भिवंडीचे बाजार, कोठेही हाच अनुभव येतो. नावे पवित्र आहेत, ठेवणाऱ्यांची नियतही नेक आहे. परंतु व्यापाराच्या दृष्टीने या नावांचा आपण कधी विचार केला आहे काय?

नाव चांगले असावे ही आपल्या दीनचीच शिकवण आहे. 'अवज्ञा करणारी' असा अर्थ असलेले एका स्त्रीचे नाव बदलून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते 'जमीला' असे ठेवले. मूल जन्मले की आपण घरातील वडीलधाऱ्यांना विचारतो, इमामसाहेबांकडून अर्थ समजून घेतो. दुकानाचे नाव मात्र पाटी रंगविणाऱ्याच्या समोर उभे राहून पाच मिनिटांत ठरवितो. शेजाऱ्याचे दुकान चालते म्हणून त्याचेच नाव घ्यायचे आणि पुढे 'न्यू' जोडायचे, एवढाच आपला विचार!

याचा तोटा आपल्यालाच होतो. भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याचे कापडाचे पार्सल त्याच नावाच्या दुसऱ्या दुकानात उतरले. माल परत मिळाला, पण आठ दिवसांनी, आणि तोवर ईदचा बाजार उठून गेला होता. आता तर ग्राहक मोबाईलवर दुकान शोधतो आणि मोबाईलवरूनच पैसे पाठवितो. एकाच नावाची चार दुकाने निघाली, तर तो कोणाकडे जाईल? तुमच्या चांगल्या मालाची कीर्ती दुसऱ्याच्या गल्ल्यात आणि दुसऱ्याच्या खराब मालाची बदनामी तुमच्या दारात येते.

दुसरी बाब अदबीची. पवित्र नाव पाटीवर असते तोवर ठीक. परंतु तेच नाव पिशवीवर, मिठाईच्या खोक्यावर, बिलावर छापले जाते. ग्राहक माल काढून घेतो आणि पिशवी फेकून देतो. पावसाळ्यात गटारे तुंबली की त्या कचऱ्यात कोणती नावे वर येतात, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे. ही बेअदबी आपल्या हातून होत नसली, तरी तिचे कारण आपण आहोत.

तिसरी बाब कायद्याची. पवित्र नाव सर्वांचे असते, म्हणून ते कोणा एकाचे होत नाही. अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर हक्क सांगणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट नकार दिला. धर्मग्रंथाचे नाव कोणालाही आपल्या मालाचा ट्रेडमार्क म्हणून मिळणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा नियम सर्व धर्मांच्या ग्रंथांना सारखाच लागू आहे.

मग नाव कसे असावे? मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे त्यातूनच 'विप्रो' झाले. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत काढलेल्या कंपनीच्या लांबलचक नावाचे असेच 'सिप्ला' झाले. दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली आपल्या दवाखान्याला 'हमदर्द' म्हटले. दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होणारा तो हमदर्द. औषधाच्या धंद्याला याहून शोभणारे नाव कोणते? ही नावे आखूड आहेत, जिभेवर बसणारी आहेत आणि उसनी घेतलेली नाहीत.

यावर काही बंधू म्हणतील, हे तर ओळख लपविणे झाले. आम्हांला तसे वाटत नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे लावण्याची सक्ती झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी तिला स्थगिती दिली. खाद्यपदार्थ कोणता ते सांगा, मालकाच्या नावाची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. पाटीवर काय लिहावे हा मालकाचा हक्क आहे. मात्र भीतीपोटी नाव लपवू नये आणि ग्राहकाची दिशाभूल होईल असे नाव पांघरूही नये. इतके पाळल्यावर 'खुशबू' काय किंवा 'उल्हास' काय, दोन्ही आपलीच नावे आहेत.

नवे दुकान काढणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. नाव ठरविण्यापूर्वी ते परिसरात आणि ट्रेडमार्कच्या नोंदीत आहे का ते पाहावे. डोंबिवलीच्या ग्राहकाला ते सहज उच्चारता येते का ते तपासावे. नाव नोंदवावे, व्यक्ती किंवा लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान ठेवू नयेत. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे बंधन आहे. उर्दू जरूर लिहावी, पण मराठी शुद्ध असावी. जुन्या दुकानदारांनी घाईने नाव बदलू नये. पहिली बिले आणि परवाने जपून ठेवावेत, कारण नाव आधीपासून वापरात असल्याचा पुरावा कायद्यात मोलाचा असतो. पिशवीवरचे पवित्र नाव तेवढे आजच काढावे.

शेवटी नाव लोकच ठेवतात. ठाण्याची मामलेदार मिसळ मामलेदार कचेरीजवळ मिळे म्हणून लोकांनी तिला ते नाव दिले आणि चवीमुळे ते टिकले. आपल्यातील कित्येक दुकानांवर 'अल-अमीन' अशी पाटी आहे. प्रेषितांनी (स.) ती कोठे लावली नव्हती. त्यांचा सचोटीचा व्यवहार पाहून मक्केच्या लोकांनीच त्यांना अमीन म्हटले. बिस्मिल्लाह म्हणून रोज सकाळी दुकान जरूर उघडावे. ते शब्द मनापासून उच्चारणाऱ्याच्या हातून माप कमी भरत नाही, आणि बरकत तेथेच असते.