गिऱ्हाईक कोणता शब्द टाकून शोधते?



मागे धुळ्याहून जळगावला येताना एस.टी.त पारोळ्याला एक ओळखीचा तरुण चढला. ‘जयभीम काका’ म्हणून शेजारी बसला. वडिलांचे छपाईचे छोटे दुकान तो चालवतो. व्हॉट्सअॅपमुळे पत्रिकांचे काम निम्म्यावर आले, म्हणून उसनवारी करून त्याने वेबसाईट काढली. वर्ष होऊन गेले. फोन आले तीन, त्यातले दोन कर्ज देणाऱ्यांचे! बायको म्हणते, मशीन विका आणि सुरतला चला, माझ्या भावाकडे काम मिळेल.

मी त्याच्या मोबाईलवर वेबसाईट पाहिली. वर लिहिले होते, ‘सर्व प्रकारची उत्कृष्ट छपाई, माफक दर’. मी विचारले, ‘तुझे गिऱ्हाईक कोण?’ म्हणाला, ‘आपलेच लोक. लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका, भीमजयंतीची पावतीपुस्तके.’ मग हे शब्द वेबसाईटवर कुठे आहेत? एकही नव्हता.

इथेच गोम आहे. गुगलवर माणूस जे शब्द टाकतो, ते किंवा त्या अर्थाचे शब्द ज्या पानावर असतील ती पाने गुगल पुढे आणते. ‘छपाई’ किंवा नुसते ‘लग्नपत्रिका’ या शब्दांवर मोठमोठ्या कंपन्या बसलेल्या आहेत. तिथे जळगावच्या गल्लीतले दुकान दहाव्या पानावर जाणार, आणि दहावे पान कोण उघडतो? पण ‘बौद्ध लग्नपत्रिका जळगाव’ असे शोधणारा माणूस थोडा असला तरी तो पत्रिका छापायलाच निघालेला असतो. नुसते ‘केळी’ शोधणाऱ्याला कदाचित केळ्याचे गुणधर्म वाचायचे असतील. ‘जळगावचे केळीचे वेफर्स’ शोधणाऱ्याला वेफर्स हवे असतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव हीच तिथे मालाची ओळख झाली.

आपल्या समाजाकडे तर असे शब्द भरपूर आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आपल्या घरांतली भाषा बदलली. पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ आले, नावाआधी ‘आयु.’ आले, ‘कै.’ गेले आणि ‘कालकथित’ आले. तेराव्याऐवजी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, बारशाऐवजी नामकरण विधी. हे शब्द टाकून शोधणारा माणूस बहुधा आपलाच. आणि त्याला आपल्या छापखान्याचे पान सापडले नाही तर तो काय करतो? समोर येईल तो तयार नमुना उचलतो, त्यावर गणपती असतो, घाईत तोच छापला जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरच्या पत्रिकेवर! मी स्वतः अशा दोन पत्रिका पाहिल्या आहेत. दोष त्या घरच्यांना देववत नाही.

मुलाने विचारले, ‘शब्द शोधायचे कसे?’ पैसे लागत नाहीत. गुगलच्या चौकटीत ‘बौद्ध लग्न’ एवढेच लिहून थांबावे. खाली जी वाक्ये आपोआप येतात ती बहुधा लोकांनी शोधलेली असतात. गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांपैकी कोणता जास्त शोधला जातो ते दिसते. सर्च कन्सोल नावाची सोय वेबसाईटला जोडली की आपले पान कोणत्या शब्दांवर लोकांना दिसले, तेही कळते. आणि सर्वांत चांगली युक्ती जुनीच आहे: फोन करणाऱ्याने पहिल्या वाक्यात काय मागितले ते वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवावे. पुष्कळ लोक मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत टाकतात, तेही ध्यानात ठेवावे.

गावाच्या नावात घोटाळे होतात. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे, तिथला माणूस आपल्याकडे आणि आपला तिकडे जायचा. म्हणून पूर्ण पत्ता द्यावा, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, साक्री जिथे माल पोचवता ती नावे लिहावीत. जिथे पोचवत नाही ती लिहू नयेत. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, ती आधी करावी.

वेबसाईट करून देणाऱ्याने या मुलाकडून ‘कीवर्ड भरण्याचे’ वेगळे पैसे घेतले होते. पानामागे, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, त्याने शंभरेक शब्द कोंबले होते. ती जागा गुगल क्रम लावताना पाहत नाही, हे गुगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. पानावर एकच शब्द उगाच पुन्हा पुन्हा कोंबला तर उलट पान मागे पडू शकते. प्रत्येक कामाला वेगळे पान करावे, खरा नमुना, किती प्रतींना किती दर, किती दिवसांत मिळेल, हे साध्या मराठीत लिहावे.

हेही खरे की खेड्यातले काम अजून विहारातल्या ओळखीनेच येते. वेबसाईट ती ओळख देणार नाही. भिवंडीला, पुण्याला गेलेल्या आपल्या खान्देशी मंडळींसाठी मात्र तिचा उपयोग आहे; लग्न गावी असते आणि पत्रिका ठरवायची असते तिकडून.

परवा त्याचा फोन आला. शब्दांची यादी नवरा-बायकोने मिळून केली. ‘नामकरण विधी पत्रिका’ त्याला सुचलेच नव्हते, ते तिने सांगितले. ‘पंचशील ध्वज’ लिहावे की ‘बौद्ध ध्वज’, यावर घरात वाद चालू आहे. मी म्हटले, दोन्ही लिहा. लगीनसराई संपेपर्यंत मशीन विकायचे नाही, असे तूर्त ठरले आहे.