परीक्षेत नापास झालेला नायक

मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला लघुप्रबंधासाठी विषय निवडायला सांगितले की दरवर्षी ठरावीक विषय पुढे येतात. ग्रामीण कादंबरीतील शेतकरी, दलित आत्मकथनांतील आईची प्रतिमा, एखाद्या संत कवयित्रीच्या अभंगांतील भक्तिभाव. काही वर्षांपूर्वी घाटंजीकडच्या एका विद्यार्थ्याने मात्र ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेचा विषय आणला. मी तो नाकारला. त्या वेळी दिलेली कारणे आज आठवली तरी संकोच वाटतो. हे साहित्य नव्हे, ही चित्रे आहेत; हे मराठी नव्हे; आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना काय सांगायचे? यांपैकी तिसरे कारण तेवढे खरे होते. मुलगा काही बोलला नाही. त्याने ग्रामीण कादंबरी घेतली, बरे गुण मिळवले आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याला गेला.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मी ते नाकारलेले पुस्तक वाचायला घेतले. मासाशी किशिमोतो या चित्रकाराची ही कथा एका जपानी साप्ताहिकातून 1999 पासून 2014 पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. प्रकरणे 700, खंड 72. किशिमोतो स्वतः ओकायामा प्रांतातल्या नागी नावाच्या लहानशा गावचे. आपल्याकडे तिच्यावरची मालिका 2022 मध्ये हिंदीतून दूरचित्रवाणीवर आली. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना ती त्याच्या बऱ्याच आधीपासून ठाऊक होती. मोबाईलच्या चार इंची पडद्यावर, उजवीकडून डावीकडे, मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या आधाराने ती वाचली जात होती. मराठीच्या प्राध्यापकांना याचा पत्ता नव्हता, एवढेच.

कथेचा आरंभच मराठी वाचकाला थांबवणारा आहे. नारुतो हा अनाथ मुलगा. तो तान्हा असताना गावावर एक महासंकट आले आणि ते संकट, म्हणजे नऊ शेपट्यांचा कोल्हा, या बाळाच्या देहात कोंडून ठेवण्यात आले. त्याविषयी बोलायला बंदी आहे. परंतु मोठ्या माणसांच्या नजरा बोलतात आणि लहान मुले त्या नजरांवरून शिकतात. या पोराशी खेळायचे नाही, एवढे त्यांना न सांगता कळते. यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ वाचलेल्या वाचकाला ही नजर समजावून सांगावी लागत नाही. आणि या वाळीत पडलेल्या मुलाचे स्वप्न काय, तर त्याच गावाचा प्रमुख, ‘होकागे’, होण्याचे.

पहिल्याच प्रकरणात तो शाळेच्या अखेरच्या परीक्षेत नापास होतो. तीही पहिल्यांदा नव्हे. पुढे ‘चूनिन’ या वरच्या श्रेणीची परीक्षा येते आणि तिची पहिली पायरी चक्क लेखी असते. परीक्षक शेवटच्या प्रश्नाआधी अट घालतो : हा प्रश्न सोडवायला बसलात आणि चुकलात तर यापुढे कधीच परीक्षेला बसता येणार नाही, आत्ता उठून गेलात तर पुढच्या वर्षी पुन्हा येता येईल. मुले एकेक करून उठू लागतात. नारुतोने तोवर उत्तरपत्रिकेवर एक अक्षरही लिहिलेले नाही. तो हात वर करतो, आता हाही उठणार असे वाटते, आणि तो हात बाकावर आपटतो. मी उठणार नाही. वयोमर्यादा संपत आलेल्या, ‘आणखी एक अटेम्प्ट’ म्हणत घरच्यांच्या नजरा चुकवणाऱ्या मुलाने हे पान वाचताना काय अनुभवले असेल, याची कल्पना मला विषय नाकारताना नव्हती. पुढे परीक्षेची अंतिम फेरी चालू असतानाच गावावर हल्ला होतो, परीक्षा अर्धवट राहते आणि बढती एकट्या शिकामारूला मिळते. (भरतीची जाहिरात, मग स्थगिती, मग पेपरफुटी, मग फेरपरीक्षा या चक्रातून गेलेल्या आमच्या मुलांना यात अद्भुत असे काही वाटत नाही.)

आता प्रश्न असा की लहान गावातल्या मुलाच्या स्वप्नाचे आणि झगड्याचे आपण मराठीत काय केले? आपल्या गंभीर साहित्याने त्याला हसतखेळत पराभूत केले. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो आणि सांगवीला परत येतो, 1963 पासून ते परतणे हेच आपल्या वाङ्मयीन प्रौढपणाचे प्रमाण होऊन बसले. ‘कोसला’ची थोरवी वादातीत आहे. परंतु तिच्या पाठोपाठ जी वृत्ती रुजली तिला स्वप्न या शब्दाचीच शरम वाटू लागली. स्वप्न बघणारा नायक म्हणजे भाबडा, लोकप्रिय, कमअस्सल. बालसाहित्यात भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे होता. पण तो साहसी आहे, स्वप्नाळू नाही. त्याला काही व्हायचे नसते. तो आधीच ‘झालेला’ असतो आणि म्हणूनच इतका आनंददायक असतो.

मग स्वप्नाचा प्रांत कोणी घेतला? अधिकाऱ्यांच्या आत्मकथनांनी. विश्वास नांगरे पाटलांचे ‘मन में है विश्वास’ 2016 मध्ये आले आणि अभ्यासिकेतल्या टेबलांवर ते किंवा त्याच्यासारखे पुस्तक दिसू लागले. या पुस्तकांची टिंगल करण्याची फॅशन आमच्या वर्तुळात आहे. मला ती मान्य नाही. ज्या घरात कोणी पदवीपर्यंत गेलेले नाही तिथल्या मुलाला असे पुस्तक उभे राहायला मदत करते. माझी तक्रार त्यांच्या रचनेविषयी आहे. आत्मकथन शेवटापासून लिहिले जाते. मुखपृष्ठावर वर्दीतला माणूस असतो आणि आतल्या प्रत्येक अपयशाला त्या वर्दीचा उजेड आधीच मिळालेला असतो. अपयश म्हणजे यशाची पायरी, हे वाक्य यशस्वी माणसाच्या तोंडी खरे असते. जो त्या पायरीवरच बसून राहिला त्याचे पुस्तक निघत नाही. परीक्षेला बसणाऱ्यांत निवड न झालेलेच कितीतरी अधिक, आणि त्यांचा एकही नायक आमच्याकडे नाही.

क्रमशः चित्रकथेत हे वेगळे घडते ते तिच्या प्रसिद्धीच्या रीतीमुळे. आठवड्याला वीसेक पाने; वाचकांच्या पसंतीच्या पोस्टकार्डांवर कथा चालू राहायची की बंद पडायची ते ठरते; म्हणजे नायकाइतकाच लेखकही टांगणीला लागलेला. शेवट आधीच हाती नसल्याने पराभवाला पराभवाची पूर्ण लांबी मिळते. आपल्यालाही हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 नंतर ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तेव्हा यमूचे पुढे काय होणार हे वाचक आठवड्याच्या बोलीवर ऐकत होते. कादंबरी जाड पुठ्ठ्यात बांधून अभ्यासक्रमाला लावताना आपण ती वाट पाहणे विसरलो.

यवतमाळपुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट आहे. या जिल्ह्याचे नाव मराठी साहित्यात आणि वृत्तपत्रांत येते ते बहुधा कापूस आणि आत्महत्या या दोन शब्दांच्या सोबतीने. जानेवारी 2019 मध्ये येथे 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि त्या वादळात उद्घाटन झाले ते शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्यांचे भाषण हा त्या संमेलनातला सर्वांत खरा क्षण होता, यात मला शंका नाही. तरीही मांडवातून बाहेर पडताना वाटले, की या जिल्ह्याकडून साहित्याला फक्त दुःखच हवे असते काय? वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा येथल्या वीस वर्षांच्या मुलाला आपल्या बापाचे दुःख पाठ असते. त्याला वाचायचे असते ते दुसरे काहीतरी, आणि ते त्याला किशिमोतोकडे मिळाले.

इथवर आल्यावर ‘नारुतो’ची वकिली थांबवली पाहिजे, कारण या कथेत एक मोठी लबाडी आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तीवर बोट ठेवायला हवे. श्रम श्रेष्ठ की जन्म, हा या कथेचा मूळ प्रश्न. नेजी हा मुलगा ह्यूगा घराण्याच्या धाकट्या पातीतला. त्या पातीतल्या मुलांच्या कपाळावर लहानपणीच एक मुद्रा उमटवतात आणि तिच्या जोरावर थोरली पाती त्यांना हवी तेव्हा यातना देऊ शकते. जन्माने ठरलेले दास्य, तेही कपाळावर गोंदलेले! नेजी म्हणतो, दैव बदलत नाही. नारुतो त्याला हरवतो आणि आपण होकागे झालो की ही ह्यूगांची रीत बदलू असे वचन देतो. परंतु पुढे हळूहळू उघड होते की नारुतो हा अनाथ पोर नसून चौथ्या होकागेचाच मुलगा आहे. त्याच्याविषयी भविष्यवाणीही आहे. नेजी युद्धात मरतो आणि ती मुद्रा पुसण्याची गोष्ट कथा सोयीस्करपणे विसरते.

हे आपल्या ओळखीचे आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 पासून घरोघरी वाचली गेली ती सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णासाठी. पण वाचकाला सारा वेळ ठाऊक असते की तो सूर्यपुत्र आहे. अपमान खोटा ठरतो तो जात खोटी आहे म्हणून नव्हे, कर्णाची जात चुकीची लावली गेली म्हणून. नारुतो हा शेवटी कर्णाच्या पंगतीतला. त्याच कथेत एक एकलव्यही आहे. रॉक ली या मुलाला जादूची कोणतीही विद्या साधत नाही, केवळ हातापायांच्या जोरावर तो लढतो. त्याला कोणी गुप्त पिता नाही. तो हरतो, त्याचा हात नि पाय चिरडला जातो, पुढे लढता येणार नाही असे सांगितले जाते. फरक एवढाच की त्याचा गुरू अंगठा मागत नाही, स्वतः मध्ये उभा राहून त्याला वाचवतो. कोलाम आणि गोंड पाड्यांवरून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ली अधिक आवडतो, हे मला आता ठाऊक आहे. कारण मी विचारले नाही, पण ते अंदाजाने कळते.

दुसरा आक्षेप यापेक्षा अवघड आहे. ज्या गावाने वाळीत टाकले त्याच गावाची मान्यता कशासाठी मिळवायची? बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांची भीड ठेवली नव्हती. आपली दलित आत्मकथने गावाकडे मान्यता मागत नाहीत, गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, आणि त्यांचे मोठेपण तिथेच आहे. त्यांच्या शेजारी नारुतोचे स्वप्न आज्ञाधारक वाटते. हे मला पटते. तरीही एक गोष्ट राहते. आमच्या मुलांच्या बाकी साऱ्या स्वप्नांचा रस्ता पुण्या-मुंबईकडे जातो. मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वेसुद्धा बंद पडली. गावातच राहून, गावाला आपल्याकडे पाहायला लावण्याचे स्वप्न मला या कथेत दिसले. तो भाबडेपणा आहे की हट्ट, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

अशी कथा इथल्या मातीतून का येऊ नये? प्रयत्न झाला होता. ‘क्योजिन नो होशी’ या 1966 च्या बेसबॉलवरील गाजलेल्या जपानी चित्रकथेवरून ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका डिसेंबर 2012 मध्ये हिंदी वाहिनीवर आली. बेसबॉलचे क्रिकेट झाले, नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला झाला. पण साचा तिकडचा आणि रंग इकडचा, असेच तिचे रूप राहिले. मुंबईच्या त्या पोराच्या तोंडी मुंबईची मराठी नव्हती, मग घाटंजीच्या पोराची वऱ्हाडी कुठून येणार?

तो विद्यार्थी तीन वर्षांनी पुण्याहून परतला. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली होती, मुख्य परीक्षा नाही. आता तो घरची शेती बघतो आणि संध्याकाळी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेतो. बाजाराच्या दिवशी बसस्थानकावर भेटला तेव्हा मी त्याला सांगितले, तुझा नारुतो वाचला मी, सगळा. तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग हसून म्हणाला, “सर, तुमाले मालूम हाय काय, थो चूनिनची परीक्षा कवाच पास झाला नाई. आखरीपर्यंत नाई.” मी म्हटले, माझ्या लक्षात नाही आले. तो म्हणाला, “मंग पुन्यांदा वाचा.” आणि घाटंजीची गाडी लागली म्हणून पळाला.