दारू सोडल्यावर पाय घसरला तर?

"डॉक्टर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ह्यांनी. तरी पुन्हा प्यायले!" हे वाक्य मी दवाखान्यात अनेक वर्षे ऐकतो आहे.

पूर्वी मीही अशा पेशंटवर रागवायचो. एक रिक्षाचालक चार महिने दारूपासून लांब होता. एका लग्नात प्यायला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःहून माझ्याकडे आला. मी म्हणालो, "सगळ्यावर पाणी फिरवलंस!" तो निघून गेला, तो आठ महिन्यांनी कावीळ घेऊनच परतला. चूक माझी होती.

व्यसनमुक्तीचे दोन टप्पे असतात. पहिला शरीराचा. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली की 6 ते 24 तासांत हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. नंतर भास होऊ लागले, माणूस असंबद्ध बडबडू लागला तर जिवाला धोका असतो. म्हणून घरात कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हा टप्पा बहुधा आठवडाभरात पार पडतो.

दुसरा टप्पा मेंदूचा आणि मनाचा. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. पगाराचा दिवस, जुने मित्र, घरातले भांडण यांनी ओढ पुन्हा जागी होते. या काळात अनेकांचा पाय घसरतो. मधुमेहाच्या पेशंटची साखर वाढली तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. औषध आणि पथ्य पुन्हा तपासतो. इथेही तेच करायला हवे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शपथ घेण्यापेक्षा पुढच्या तपासणीची तारीख घ्या. शपथ मोडली की माणूस तोंड लपवतो आणि "आता मोडलीच आहे" म्हणत रोज पिऊ लागतो.

घरच्यांनो, प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका. सकाळी शांतपणे विचारा: कुठे, कोणाबरोबर, कशामुळे? दारूसाठी पैसे देऊ नका. मारहाण मात्र मुळीच सहन करू नका. जेवणात चोरून औषध मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकते.

पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' हे काम करते आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत होतात. तिथे स्वतः दारू सोडलेली माणसे भेटतात. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

त्या रिक्षाचालकाला मी आज वेगळे सांगितले असते: "चार महिने राहिलास, म्हणजे तुला जमतं. कालचं काय झालं ते सांग." तुमच्या घरात कोणाचा पाय घसरला असेल, तर हेच म्हणा आणि त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे घेऊन या.