विश्लेषण : ख्मेर असूनही परका, जन्मून-वाढूनही उपरा… कंबोडियात ‘ख्मेर नागरिक’ नेमका कोण?

जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर तोफा धडाडल्या, तेव्हा थायलंडच्या सुरिन प्रांतातून जीव मुठीत धरून पळालेल्या अनेकांची घरातली भाषा ख्मेर होती. म्हणजे पलीकडून मारा करणाऱ्या सैनिकांचीच भाषा. सुरिन, बुरिराम, सिसाकेत या प्रांतांत ख्मेरभाषक पिढ्यानपिढ्या राहतात. ते वंशाने ख्मेर, पण नागरिक थायलंडचे. इथे गोंधळ नाही. गोंधळ आहे तो कंबोडियात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

ख्मेर हे एका वांशिक समूहाचे नाव. कंबोडियात ९५ टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा ख्मेर आहे. पण १९९३ ची राज्यघटना सर्वच नागरिकांना ‘ख्मेर नागरिक’ म्हणते. गंमत म्हणजे ख्मेर भाषेत वंश आणि राष्ट्रीयत्व यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि दोन्ही संस्कृत ‘जाति’वरून आले आहेत. वंशासाठीचा शब्द तर आपल्या ‘जनजाती’चाच भाऊ. मात्र या दोन्ही रकान्यांत बहुतेक जण ‘ख्मेर’ हेच लिहितात.

स्वातंत्र्यानंतर नरोदोम सिहानूक यांनी यावर एक तोडगा काढला. चाम मुस्लिमांना ‘ख्मेर इस्लाम’ आणि डोंगराळ भागातील जमातींना ‘ख्मेर लू’, म्हणजे वरचे ख्मेर, असे संबोधले गेले. हा तोडगा उदार दिसतो, पण नागरिक व्हायचे तर आधी ख्मेर व्हा, ही अट त्यात दडलेली होतीच. चिनी आणि व्हिएतनामी वंशाच्या लोकांना असे कोणतेही नाव मिळाले नाही.

व्हिएतनामी वंशाच्या लोकांचे काय झाले?

१९७० मध्ये लॉन नोल राजवटीत त्यांच्या कत्तली झाल्या. १९७५ नंतर ख्मेर रूजने उरलेल्यांना हाकलले आणि जे मागे राहिले त्यांना ठार केले. हा वंशसंहार होता, असा निकाल संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावरील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये दिला. १९७९ नंतर अनेक कुटुंबे परतली, पण कागदपत्रे नष्ट झाली होती. त्यामुळे जुने रहिवासीही नवे स्थलांतरित ठरले.

१९९६ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात वंशाची अट नाही. परदेशी आईवडिलांचे मूलही नागरिक होऊ शकते, मात्र ते दोघेही कंबोडियात जन्मलेले आणि तिथे कायदेशीर राहणारे हवेत. सगळे अडते ते या ‘कायदेशीर’ शब्दापाशी. २०१७ मध्ये सरकारने सुमारे ७० हजार जणांची कागदपत्रे अवैध ठरवून रद्द करण्याची मोहीम घेतली. त्यात बहुतेक व्हिएतनामी वंशाचे होते. त्यांना नागरिक नव्हे, तर परदेशी रहिवासी म्हणून कार्ड देण्यात आले.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो? जन्मदाखला नाही म्हणून मुलाला सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण. राज्यघटनेनुसार जमीन फक्त ख्मेर राष्ट्रीयत्व असलेल्यांनाच घेता येते. टोन्ले साप सरोवरावरील तरंगत्या घरांचे फोटो पर्यटक हौसेने काढतात. त्यातली अनेक घरे पाण्यावर आहेत, कारण त्यांच्या मालकांना जमीन घेताच येत नाही. २०१८ पासून कांपाँग छ्नांगमध्ये त्यांना पाण्यावरूनही हलवण्यात आले.

आणि व्हिएतनाममधील ख्मेर?

व्हिएतनाममध्ये, मुख्यतः मेकाँगच्या मुखाजवळच्या प्रदेशात, १३ लाखांहून अधिक ‘ख्मेर क्रोम’, म्हणजे खालचे ख्मेर राहतात. कंबोडिया सरकार त्यांना आपलेच मानते. प्रत्यक्षात तिथून आलेल्यांना ओळखपत्र मिळवताना खेटे घालावे लागतात. जन्मस्थान कंबोडियातले दाखवा, असेही काहींना सांगितले गेले. वंश मान्य, जन्मगाव अमान्य!

ख्मेर वंशाचे संरक्षणही पुरे नाही

कोणाही ख्मेर नागरिकाचे राष्ट्रीयत्व हिरावले जाणार नाही, अशी हमी राज्यघटनेच्या ३३ व्या कलमात होती. तोफा धडाडल्या त्याच महिन्यात हे कलम बदलले गेले आणि ऑगस्टमध्ये कायदाही झाला. परकीयांशी संगनमत करून देशहिताला बाधा आणल्यास नागरिकत्व काढता येईल, अशी त्यात तरतूद आहे. सत्तेवर टीका करणाऱ्यांविरुद्ध तिचा वापर होईल, अशी भीती मानवी हक्क संघटनांना वाटते. आणि हा कायदा फक्त नव्याने नागरिकत्व मिळवलेल्यांना किंवा दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना नाही, तर कंबोडियातच जन्मलेल्या, ख्मेर आईबापांच्या लेकरांनाही लागू आहे.