पेटीवरची तारीख आणि आतल्या बाटल्या

प्रथमोपचाराच्या पेटीवर मुदतीची एकच तारीख टाकून कोणी मोकळे होत नाही. आतली जंतुनाशकाची बाटली वेगळी, मलमाची ट्यूब वेगळी. ज्याची तारीख त्याच्यावर. लिनक्सच्या बाबतीत मात्र आपण पेटीवरची तारीख वाचतो आणि निश्चिंत होतो.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची आठवी आवृत्ती मे २०१९ मध्ये आली. तिची मुदत दहा वर्षांची, म्हणजे मे २०२९ पर्यंत. पण त्याच पेटीतल्या नोड-जेएसच्या दहाव्या आवृत्तीची मुदत एप्रिल २०२१ मध्येच संपली, पायथन २.७ ची जून २०२४ मध्ये. मुदत संपली म्हणून पॅकेज बंद पडत नाही, ही खरी अडचण. ते कालच्यासारखेच चालत राहते. फक्त त्यात नवे भगदाड सापडले तर बुजवायला कोणी येत नाही. हे सर्व्हर रुग्णांचे अहवालही सांभाळतात.

घोळ एवढ्यावर थांबत नाही. पायथन २ च्या मूळ कर्त्यांनी १ जानेवारी २०२० पासून त्यावरचे काम थांबवले. तरी रेड हॅट पुढे चार वर्षांहून अधिक काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीत बसवून देत राहिली. म्हणजे मूळ कर्त्यांची तारीख पाहून घाबरणे चूक आणि पेटीवरची पाहून निर्धास्त राहणेही चूक. आवृत्तीचा आकडा तर त्याहून फसवा. दुरुस्ती आत बसलेली असते, आकडा जुनाच दिसतो, आणि नुसता आकडा पाहून लाल शेरा मारणारा तपासनीस उगाच धावपळ करायला लावतो.

माझ्या मते प्रत्येक पॅकेजची तारीख त्या पॅकेजच्या माहितीतच असावी आणि यंत्राने ती आपणहून सांगावी: बसवताना एकदा, मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पुन्हा. हे अशक्य नाही. सुसे लिनक्समध्ये ‘झिपर लाइफसायकल’ ही आज्ञा पॅकेजांच्या मुदती दाखवते. डेबियनमध्ये आधार संपलेली पॅकेजेस शोधून देणारे साधन आहे. पण ही साधने कोणीतरी आठवणीने चालवावी लागतात, आणि आठवण ठेवणारा माणूस नोकरी बदलतो.

यावर आक्षेप येतो तो असा की हजारो पॅकेजेस स्वयंसेवक सांभाळतात, त्यांच्याकडून तारखेचे वचन कसे घ्यायचे? रास्त आहे. मग तिथे ‘हमी नाही’ असे लिहा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत पाच वर्षांची हमी ‘मेन’ या विभागाला असते. ‘युनिव्हर्स’ हा विभाग समुदायाच्या भरवशावर. हा फरक किती वापरकर्त्यांच्या ध्यानात असतो?

शिवाय तारखा बदलतात. सेंटओएस ८ ची मुदत २०२९ पर्यंत धरून अनेकांनी यंत्रे उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याचे जाहीर झाले. कागदावर छापलेली तारीख अशा वेळी निरुपयोगी. ती दुरुस्त्यांबरोबरच यंत्रापर्यंत पोचायला हवी. तोवर खरेदीच्या निविदेत एक अट सहज घालता येईल: सर्व्हरवर काय काय बसवले आणि प्रत्येकाला कोण, कधीपर्यंत दुरुस्त्या देणार, याची यादी पुरवठादाराने दर सहा महिन्यांनी द्यावी.