संज्ञांचा गोंधळ परवडणारा नाही



पुरवठा साखळीच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हव्या त्या संज्ञा वापराव्यात आणि वापरणाऱ्याने त्या शिकून घ्याव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. नवा शब्द पाठ करता येतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दाला वेगळा अर्थ दिल्याने. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचेच पाहा. तिच्या ईआरपी या व्यवहार प्रणालीतले ‘मटेरियल’ आणि ‘प्लांट’ एपीओ या नियोजन प्रणालीत ‘प्रॉडक्ट’ आणि ‘लोकेशन’ झाले. या ‘लोकेशन’मध्ये कारखाना, गोदाम तर येतातच, पण पुरवठादार आणि ग्राहकही येतात! ‘ह्युरिस्टिक’, म्हणजे ठरावीक नियमांनी झटपट आराखडा काढणारा हिशेब, तर एकाच एपीओत दोन तऱ्हांचा आहे. पुरवठ्याच्या नियोजनात तो यंत्रांची क्षमता अमर्याद धरतो. उत्पादनाच्या वेळापत्रकात त्याच नावाखाली निरनिराळ्या अनेक पद्धती येतात. नवख्या नियोजकाने पहिल्याचा आकडा शक्य कोटीतला समजून ग्राहकाला तारीख दिली, तर ती पाळण्याचा ताण थेट कामगारांवर येतो.

प्रमाण संज्ञा नाहीत असेही नाही. ‘एपिक्स’ या व्यावसायिक संघटनेने काढलेला कोश १९६३ पासून आहे. सॉफ्टवेअर घेतानाच त्याच्याशी ताडलेली संज्ञासूची करारात मागावी, आणि ती हाती पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

— एक उत्पादन नियोजक