विश्लेषण : मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून की पोट उघडून?

जपानचे माजी पंतप्रधान शिन्झो आबे यांनी ऑगस्ट २०२० मध्ये राजीनामा जाहीर केला, तेव्हा त्यांनी ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या आजाराचे कारण दिले. किशोरवयापासून ते या आजारावर औषधे घेत होते. बहुतेक रुग्णांचे आयुष्य अशा औषधांवर निभावते. पण पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार निदानानंतरच्या दहा वर्षांत साधारण १० ते १५ टक्के रुग्णांचे मोठे आतडे काढावे लागते. अशा वेळी रुग्ण आणि नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, तो ‘दुर्बिणीतून होईल का?’ हा. प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारायला हवेत असे आणखी काही प्रश्न आहेत.

हा आजार नेमका काय?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. आजाराची सुरुवात गुदाशयापासून होते आणि तो सलग वर चढत जातो. रक्ताचे जुलाब, वारंवार आणि तातडीने शौचाला धावावे लागणे, पोटात कळा, वजन घटणे ही त्याची लक्षणे. शौचातून रक्त पडते म्हणून आपल्याकडे अनेकदा मूळव्याध किंवा आव समजून घरगुती उपायांत महिने जातात. हा केवळ पाश्चात्त्यांचा आजार आहे, हा समज तर केव्हाच मागे पडला. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४४ रुग्ण आढळले होते.

शस्त्रक्रिया कधी अटळ ठरते?

कारणे मुख्यतः तीन. पहिले, औषधांनी आजार आटोक्यात न येणे किंवा स्टेरॉइड सुटतच नाहीत अशी अवस्था. दुसरे, आतड्यात कर्करोग किंवा त्याच्या आधीचे पेशीबदल दिसणे. म्हणूनच आजाराला आठ वर्षे झाली की कोलोनोस्कोपीने नियमित तपासणी सुरू करतात. तिसरे, अचानक उसळणारा तीव्र आजार: दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप, वाढलेली नाडी किंवा घटलेले हिमोग्लोबिन. अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करून शिरेतून स्टेरॉइड देतात. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

शस्त्रक्रियेत काय करतात?

मोठे आतडे आणि गुदाशय काढला की लहान आतड्याचे टोक पोटावर आणून बाहेर पिशवी लावणे, हा एकेकाळी एकमेव मार्ग होता. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून आतच एक कप्पा (पाउच) तयार करायचा आणि तो गुदद्वाराला जोडायचा. पुढे जपानमधून आलेली ‘जे’ आकाराची रचना जगभर रुळली. हे काम बहुधा दोन किंवा तीन टप्प्यांत होते. मधल्या काळात, जोड भरून येईपर्यंत, पोटावर तात्पुरती पिशवी असते. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली म्हणजे पिशवी टळली, असे नव्हे. या गैरसमजाने अनेक कुटुंबांना ऐनवेळी धक्का बसतो.

दोन पद्धतींत फरक कुठे आहे?

पोट उघडून करताना मध्यभागी लांब उभा छेद घेतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची काही छिद्रे पाडतात आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत काम करतात. सुमारे दीड मीटर लांबीचे आतडे बाहेर काढण्यासाठी एक लहान छेद लागतो, किंवा पिशवीसाठी केलेल्या छिद्रातूनच ते काढतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून हे तंत्र भारतात रुजले. मात्र पित्ताशय एका कोपऱ्यात असते आणि मोठे आतडे पोटाच्या चारही बाजूंना फिरलेले. म्हणून दुसरे काम कितीतरी अवघड आहे. शिवाय आत जे कापायचे आणि जोडायचे असते, ते दोन्ही पद्धतींत तेच असते.

अभ्यास काय सांगतात?

ॲमस्टरडॅम येथे ६० रुग्णांवर झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्जनचा एक हात पोटात ठेवून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना होती. पहिल्या तीन महिन्यांतील जीवनमानात फरक दिसला नाही. वेळ मात्र १३३ मिनिटांऐवजी २१० मिनिटे लागला. कोक्रेन संस्थेने २००९ मध्ये ११ अभ्यासांतील ६०७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. मृत्यू आणि गुंतागुंत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुर्बिणीने सरासरी दीड तास जास्त लागला, तर व्रण लहान राहिला आणि रुग्णांना तो दिसायला अधिक बरा वाटला. मात्र या ११ पैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची विभागणी केलेली चाचणी एकच होती. त्यानंतर तंत्र आणि हातांचा सराव दोन्ही वाढले. दुर्बिणीनंतर पोटात आतडी एकमेकांना कमी चिकटतात, असेही पुढे दिसून आले.

तरुण महिलांसाठी फरक मोठा आहे का?

होय. हा आजार बहुधा तरुण वयात जडतो, म्हणून हा मुद्दा कळीचा. ओटीपोटात खोलवर पाउच जोडल्यानंतर बीजनलिकांभोवती चिकटपणा येतो. २००६ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार, औषधांवर असलेल्या महिलांत वंध्यत्वाचे प्रमाण १५ टक्के होते, तर पाउच शस्त्रक्रियेनंतर ते ४८ टक्के आढळले. त्या शस्त्रक्रिया प्रामुख्याने पोट उघडून केलेल्या होत्या. दुर्बिणीतून पाउच केलेल्या महिलांत गर्भधारणेचे प्रमाण अधिक असल्याचे २०१२ मधील एका अभ्यासात दिसले. मूल हवे असेल तर पाउचचा टप्पा बाळंतपणानंतर ठेवता येतो का, हेही विचारता येते. लग्न-संसाराचा विषय संकोचाचा असतो; पण या चर्चेची जागा शस्त्रक्रियेच्या आधी आहे, नंतर नाही.

पोट उघडणे केव्हा योग्य?

आतडे फुटले असेल, रक्तदाब ढासळला असेल किंवा आतडे फुगून पातळ झाले असेल, तर उघड शस्त्रक्रिया बहुधा अधिक सुरक्षित ठरते. फुगलेले आतडे दुर्बिणीच्या अवजारांनी पकडताना फाटू शकते. आधीच्या शस्त्रक्रियांमुळे पोटात दाट चिकटपणा असेल, तरीही तोच मार्ग घ्यावा लागू शकतो. दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडण्याचा निर्णय झाला, तर नातेवाईक त्याकडे अपयश म्हणून पाहतात. खरे तर तो बहुतेकदा सर्जनच्या सावधपणाचा निर्णय असतो. रुग्ण स्थिर असेल, तर तातडीच्या प्रसंगीही अनुभवी हातांना दुर्बीण चालते. तेव्हा फक्त मोठे आतडे काढतात. गुदाशय आणि पाउचचे काम प्रकृती सुधारल्यावर, काही महिन्यांनी करतात.

खरा धोका कशात आहे?

उशिरात. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की स्टेरॉइडच्या तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा जास्त जुलाब होत असतील, किंवा तीन ते आठ जुलाबांसोबत रक्तातील ‘सीआरपी’ ४५ पेक्षा अधिक असेल, तर ८५ टक्के रुग्णांना शस्त्रक्रिया लागते. त्यानंतर इन्फ्लिक्सिमॅबसारखी बचावाची औषधे आली. तरी तिसऱ्या दिवशी पुढचा निर्णय घ्यायचा, हा दंडक कायम आहे. ऑक्सफर्डच्याच २०१० मधील अभ्यासात मोठी गुंतागुंत झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रियेपूर्वी मध्यमान आठ दिवस औषधोपचार झाले होते, इतरांवर पाच दिवस. ‘आणखी चार दिवस पाहू’ या आशेपोटी रक्त, प्रथिने आणि प्रतिकारशक्ती घटत जाते. अशा शरीरावर छेद लहान घेतला की मोठा, याने फारसा फरक पडत नाही.

रुग्णाने काय विचारावे?

या सर्जनने आणि या रुग्णालयाने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? टप्पे किती? तात्पुरती पिशवी किती महिने राहील आणि तिची काळजी शिकवणारी परिचारिका आहे का? स्टेरॉइडचा डोस आधी कमी करता येईल का? पाउचनंतर दिवसाला साधारण चार ते आठ वेळा शौचाला जावे लागते आणि जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी पाउचला सूज येते, हेही आधी माहीत असावे. तरीही रक्त आणि धावपळीतून सुटका झाल्यावर बहुतेकांना आयुष्य परत मिळाल्यासारखे वाटते. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू डॅरेन फ्लेचर याच्यावर जानेवारी २०१३ मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला.

निवड करता येत असेल आणि हात अनुभवी असतील, तर दुर्बीण घ्यावी, विशेषतः तरुण वयात. पण जवळपास तशी सोय नाही म्हणून शस्त्रक्रिया लांबवणे, किंवा केवळ लहान टाक्यांसाठी कमी सरावाच्या हातात पाउचचे काम सोपवणे, हे दोन्ही सौदे महागात पडणारे आहेत.